नावं ठेवणारी

अगं,

तू हे वाचणार नाहीस, मला माहीत आहे. दिवसभर स्क्रीनवर वाचतेस, म्हणून कागदावर काही दिसलं की ‘नंतर’ म्हणतेस. तेव्हा हे अशा बेताने लिहिते आहे, की तू नाही वाचलंस तरी चार परक्या माणसांना कळावं. आमच्या वाचनमंडळाने अंकासाठी आयुष्यात भेटलेल्या माणसाबद्दल लिहून मागितलं आहे. बाकीच्या जणी वडिलांवर लिहिताहेत, एक गाण्याच्या मास्तरांवर. मी म्हटलं, मी सुनेवर लिहिणार. खोली इतकी गप्प झाली, की मला वाटलं कुणाला तरी घेरी आली.

‘चांगलं लिहिणार ना?’ संपादक झालेल्या बाईंनी विचारलं.

‘खरं लिहिणार,’ मी म्हटलं. ‘चांगलं आपोआप होईल.’

आधी तुझं काम सांगायला हवं, कारण ते सांगताना माझी फजिती झालेली आहे. लग्न होऊन आलीस तेव्हा मी विचारलं, काय करतेस, तर म्हणालीस, ‘लायब्ररीवर काम करते.’ मी तेच सगळ्यांना सांगितलं. महिन्याभरात वरच्या मजल्यावरच्या बाई एक फुगलेली कादंबरी घेऊन दारात उभ्या. ‘परत करायला जरा उशीर झालाय हो, सूनबाईंना तेवढं सांभाळून घ्यायला सांगा.’ तू हसली नाहीस. कादंबरी हातात घेऊन तिची पाठ वाचलीस आणि म्हणालीस, ‘चूक माझी आहे. शब्दच वाईट आहे.’

त्यानंतर मी उत्तर बदललं. ‘सून काय करते?’ ‘नावं ठेवते.’

‘अगं बाई. तुम्हाला?’

‘मला कुठे. फंक्शनांना.’

आता समजावून सांगते. आपण फोनवर बँकेचं पान उघडतो, तेव्हा पलीकडून आधी एक ओळखपत्र येतं. त्याला सर्टिफिकेट म्हणतात. मी कोण, किती दिवस खरी आणि खाली सही कुणाची, एवढं त्यात असतं. फोन ते वाचतो, पटलं तर पुढे जातो. हे वाचायचं आणि पटवून घ्यायचं काम ज्याला त्याला नव्याने लिहावं लागू नये, म्हणून तू आणि तुझी मंडळी ते तयार करून ठेवता. बँका, दवाखाने, तिकिटं विकणारे ते उचलतात आणि आपल्या कामात बसवतात. त्यातला एकेक काम करणारा तुकडा म्हणजे फंक्शन, आणि या सगळ्या तयार मालाला लायब्ररी म्हणतात. का म्हणतात, मला विचारू नका, माझ्या सुनेलाही ते पटलेलं नाही.

उचलणारा माणूस आत काय आहे ते उघडून बघत नाही. तो नाव वाचतो. बाटलीवर खोकल्याचं औषध लिहिलं असेल तर आपण चमच्यात ओततो, तसंच. म्हणून कशाला काय म्हणायचं, याचे नियम लागतात, आणि ते तू लिहिलेस. वस्तूला नाम, कामाला क्रियापद. एका गोष्टीला एकच नाव. तू आलीस तेव्हा म्हणे तिथे एकाच सर्टिफिकेटला कुणी ‘सर्ट’ म्हणत होतं, कुणी ‘सी’, एक महाभाग नुसतं ‘ती वस्तू’. जे हातात आहे ते देणाऱ्या फंक्शनने ‘दे’ म्हणावं, जे बाहेर जाऊन आणायचं त्याने ‘आण’ म्हणावं. कारण आणायला गेलेल्याला उशीर होतो, तो रिकाम्या हातानेही परत येतो, आणि हे मागणाऱ्याला आधी कळायला हवं. मूळ नावं इंग्रजीत असतात. मी मराठीत सांगते आहे, कारण मराठीत ती जास्त शहाणी वाटतात.

माझा सगळ्यात लाडका नियम वेगळाच आहे. काही न तपासता कुणालाही आत सोडणारं एक फंक्शन तुमच्याकडे होतं, चाचण्यांच्या सोयीसाठी. त्याचं नाव छोटंसं, गोंडस होतं. तू ते बदलून एवढं लांब केलंस, की ओळीत मावेना: ‘धोका, काहीही न पडताळता आत सोड.’ तुझा नवरा, म्हणजे माझा मुलगा, म्हणाला, ‘एवढं टाइप कोण करणार?’

‘ज्याला करायचंय त्याने करावं. करताना लाज वाटली पाहिजे.’

मी तेव्हा भांडी पुसत होते. हातातलं ताट खाली ठेवलं आणि तुझ्याकडे नीट बघितलं. तोवर मी तुला फटकळ समजत होते.

समजण्याला कारणही होतं. पहिल्याच आठवड्यात मी तुला म्हटलं, मला आई म्हण. तू सरळ नाही म्हणालीस. ‘मला आई आहे. दोघींना एकच नाव ठेवलं तर मी कुणाला हाक मारली, हे कळणार कसं?’ मी दुखावले. दोन दिवस तुझ्याशी मोजून बोलत होते. मग तू विचारलंस, ‘तुम्हाला कामावर काय म्हणायचे?’ मी रक्तपेढीत आयुष्य काढलं, रसायनशास्त्र शिकून. तिथे सगळे मला बाई म्हणायचे, डॉक्टरसुद्धा. ‘मग मी बाई म्हणते,’ तू म्हणालीस. निवृत्त झाल्यापासून मला कुणी त्या नावाने हाक मारली नव्हती. पहिल्यांदा ऐकली तेव्हा मी सरळ उभी राहिले, जणू कुणी रक्ताची पिशवी मागायला आलंय.

आणि डबे. आमच्याकडे बिस्किटांच्या डब्यात दोरे, दोऱ्यांच्या डब्यात बटणं, साखरेच्या डब्यात मीठ. मला पाठ होतं, घरात कधी कुणाचं अडलं नव्हतं. तू पाहुण्यांच्या कॉफीत मीठ घातलंस आणि संध्याकाळी सगळ्या डब्यांवर पट्ट्या चिकटवल्यास. बिस्किटांच्या डब्यावर लिहिलंस, ‘बिस्किटं नाहीत, दोरे.’ माझा मुलगा म्हणाला, ‘आई, ही आता मलाही पट्टी लावणार.’ तू त्याच्याकडे बघून म्हणालीस, ‘तुझ्यावर काय लिहायचं ते अजून ठरत नाहीये.’

असो. मूळ गोष्ट ‘चेक’ची.

तुमच्या लायब्ररीत ‘चेक’ नावाचं एक फंक्शन होतं. त्याला सर्टिफिकेट दिलं की ते तारीख उलटली नाही ना आणि कागद साच्यात बसतो ना, एवढं बघायचं. सही बघायचं नाही. सही पारखायला ‘व्हेरिफाय’ म्हणून वेगळं होतं. आतल्या माणसांना हे माहीत, बाहेरच्यांना नाही. ‘चेक’ वाचलं, चालवलं, उत्तर ‘ठीक’ आलं, माणूस खूश. म्हणजे दारावरच्या पहारेकऱ्याने कागद हातात घेतला, तारीख बघितली, आणि खाली सही कलेक्टरची आहे की शेजारच्या पोराची, हे न बघता सलाम ठोकला.

लायब्ररीची नवी आवृत्ती निघायची होती. तू म्हणालीस, ही निघाली की नावं पुढची कित्येक वर्षं हलवता येणार नाहीत, कारण हजारो लोकांचं काम त्या नावांवर उभं राहतं. बदलायचं तर आत्ता. तुमचे साहेब तयार नव्हते. या साहेबांचं आपण घरात ठेवलेलं नाव बघूयासाहेब, कारण त्यांचं प्रत्येक वाक्य ‘बघूया’ने संपतं. माणूस वाईट नाही. पण नाव बदललं तर लोकांचे चालू प्रोग्राम अडतील, लोक शिव्या घालतील, आणि ते स्वतः दोन-तीन महिन्यांत वरच्या जागेवर जाणार होते. जाता जाता शिव्या कोण घेतं? त्यांच्या रिकाम्या होणाऱ्या खुर्चीसाठी तुझं नाव चाललं होतं, हेही तू सांगितलंस.

आपण जेवणाच्या टेबलावर मटार सोलत होतो. म्हणजे मी सोलत होते, तू खात होतीस.

‘हे असलं नाव ठेवलं कुणी?’ मी विचारलं.

तू दाणे चावत राहिलीस.

‘कुणी गं?’

‘मी. नोकरीला लागले त्या वर्षी. लहान आणि सुटसुटीत वाटलं होतं.’

‘साहेबांना माहीत आहे?’

‘जुन्या नोंदीत आहे. पण कोण शोधायला जातंय.’

‘मग झालं तर. नाव बदलून घे. ठेवलं कुणी होतं, ते कशाला उगाळत बसतेस? खुर्ची मिळू दे, मग सांग वाटलं तर.’

‘बाई,’ तू म्हणालीस, ‘लोकांना सांगायचं की नाव आणि आतला माल एक हवा, आणि आपला मालच लपवायचा?’

मी मटाराची वाटी तुझ्यापासून लांब सरकवली.

मग तू मला विचारलंस, रक्तपेढीत आम्ही काय करायचो. मी सांगितलं. तपासलेल्या पिशव्या एका कपाटात, न तपासलेल्या दुसऱ्या, दोन्हींना किल्ल्या वेगळ्या, चिठ्ठ्यांचे रंगही. रक्त दिसायला तेच. कुणी दारातून ‘एक पिशवी द्या’ असं ओरडलं की मी जागची हलायची नाही. ‘तपासलेली पिशवी द्या’ म्हणावं लागायचं, घाई कितीही असो. माझ्यावर त्यावरून तक्रारीही झाल्यात. ‘तुम्हीही चिठ्ठ्यांना रंग द्या,’ मी सुचवलं, ‘लाल, हिरवा.’

‘कोडला रंग नसतो, बाई. नाव हाच रंग.’ आणि मग वाटी परत ओढून घेत, ‘पण दोन कपाटं करता येतील.’

सर्टिफिकेट एकच न ठेवता त्याचे दोन प्रकार करायचे, असं तुझ्या मनात आधीपासूनच घोळत होतं. कपाटांमुळे ते साहेबांना सांगायला सोपं झालं, एवढंच. ‘न पडताळलेलं सर्टिफिकेट’ हा एक प्रकार, ‘पडताळलेलं सर्टिफिकेट’ हा दुसरा. दार उघडणारं फंक्शन दुसराच प्रकार घेणार. पहिला दिला तर प्रोग्राम तयारच होणार नाही. चुकायची सोयच काढून टाकायची.

साहेब म्हणाले, ‘कल्पना छान आहे. पुढच्या वेळी बघूया.’

तेव्हा तू मांजर मध्ये आणलीस.

नव्या आवृत्तीवर तुम्हा सगळ्यांची स्क्रीनवर मीटिंग होती, त्या दिवशी तू घरूनच काम करत होतीस. जेवणाचं टेबल माझं, तेव्हा मी उठले नाही. कॅमेऱ्याच्या बाजूला पेपर घेऊन बसले. आदल्या दिवशी तू सगळ्यांना एक छोटं काम दिलं होतंस, नव्या आवृत्तीची चाचणी म्हणून: ज्याचं सर्टिफिकेट खरं असेल त्यालाच आत घेणारं एक दार लिहा. साहेबांनीही हौसेने लिहिलं होतं, बऱ्याच दिवसांनी हात चालवायला मिळाला म्हणून. आता तू एक सर्टिफिकेट सगळ्यांच्या दारांवर नेऊन उभं केलंस. मालक म्हणून एका मोठ्या बँकेचं नाव. तारीख चोख, साचा चोख. खाली सही आमच्या मांजरीची. तिला आम्ही चोरटी म्हणतो, आणि सहीखाली तू तसंच लिहिलं होतंस: ‘चोरटी, अधिकारी, स्वयंपाकघर खातं.’

पहिलं दार उघडलं. दुसरं उघडलं. एका मुलीचं उघडलं नाही, तिने ‘व्हेरिफाय’ वापरलं होतं. ती नवीन होती आणि भीतीपोटी सगळी माहिती शेवटपर्यंत वाचून आली होती. पुढची पुन्हा उघडत गेली. शेवटी साहेबांचं. तेही उघडलं.

कुणी तरी खुदकन हसलं आणि खोकला आल्यासारखं केलं.

‘हे माझ्या दारातून आत आलंय?’ साहेबांचा आवाज.

‘हो. मांजरीच्या सहीवर.’

‘पण मी चेक केलं होतं.’

‘तुम्ही ‘चेक’ केलं होतं, सर. तपासलं नव्हतं.’

मी पेपर तोंडासमोर धरला. पलीकडून कळांची खडखड आली, साहेबांनी पुन्हा चालवून बघितलं. मग जरा चिडून म्हणाले, ‘असलं नाव मुळात ठेवलं कुणी?’

खरं सांगते, मी टेबलाखालून तुझ्या पायाला पाय लावला. तू पाय बाजूला घेतलास.

‘मी ठेवलं, सर. पहिल्याच वर्षी. तेव्हा वाईट होतं, आताही वाईट आहे. म्हणून मीच बदला म्हणते आहे.’

ना आवाज चढला, ना पडला. डब्यावरची पट्टी वाचावी तसं वाचलंस. मी एवढी वर्षं मोठमोठ्या माणसांबरोबर काम केलं. पिशवीवरची चिठ्ठी चुकली की प्रत्येकाचं बोट दुसऱ्याकडे वळायचं. स्वतःकडे वळलेलं बोट मी त्या टेबलावर पहिल्यांदा पाहिलं, तेही माझ्या घरात, माझ्या सुनेचं. पेपर उलटा धरला होता, हे मला नंतर कळलं.

साहेब म्हणाले, ‘बदला.’ त्यापुढे ‘बघूया’ नव्हतं.

तरी नव्या आवृत्तीबरोबर जाणाऱ्या पत्रकावर वाद झालाच. साहेबांनी लिहिलं होतं, ‘अधिक स्पष्टतेसाठी नाव बदलले आहे.’ तू ते खोडून लिहिलंस, ‘जुने नाव दिशाभूल करणारे होते. ज्यांनी ते वापरले त्यांनी आपली दारे पुन्हा तपासावीत.’ आणि त्याखाली स्वतःचं नाव. आतल्यांना सांगून भागलं असतं. तुला ते बाहेरच्यांनाही सांगायचं होतं.

खुर्ची दुसऱ्याला मिळाली. ‘ज्यांच्याकडून पायाभूत चूक झाली’ वगैरे काही तरी वर बोललं गेलं म्हणे. माझ्या मुलाने घरात आदळआपट केली, आणि मीही त्याला साथ दिली. तू जेवत होतीस. ‘नवा मुख्य बरा आहे,’ म्हणालीस. ‘नावं पूर्ण लिहितो.’ पण त्या रात्रीचं ताट तू धुतलंस ते जरा जास्तच घासून, हे मी बघितलं होतं. वाईट वाटलंच होतं तुला. मी ते नुसतं पुसून ठेवलं. तुला ‘उगी उगी’ केलेलं चालत नाही, आणि मला ते करताही येत नाही.

मग पत्रं यायला लागली. आधी शिव्या: तुमच्या नव्या नावांमुळे आमचं काम अडलं. मग एक दिवस कुठल्याशा दवाखान्यातल्या संगणक बघणाऱ्या माणसाचं आलं. तू स्वयंपाकघरात उभ्या उभ्या वाचून दाखवलंस. त्याने लिहिलं होतं, की नवी आवृत्ती बसवली तर प्रोग्राम तयारच होईना, आम्ही तुमच्या नावाने खडे फोडत शोधत बसलो, आणि सापडलं ते हे, की रुग्णांचे रिपोर्ट जिथून जातात ते दार आम्ही नुसत्या तारखेवर उघडत होतो. ‘तुम्ही अडवलंत म्हणून वाचलो.’

तू फोन ओट्यावर ठेवलास आणि म्हणालीस, ‘बाई, चहा ठेवू?’ तू स्वतःहून चहा ठेवलास असे प्रसंग मला बोटांवर मोजता येतील. त्या चहात साखरच होती.

तशीच एक दुसरी, फार मोठी लायब्ररी आहे. त्यांनी तुझे नियम मागून नेले आणि मग तुलाच मागितलं. आमच्या वाचनमंडळाला मी हे तीन वेळा सांगितलं आहे. चौथ्यांदा इथे लिहिते. तिथे आता कुठलंही नाव तुझ्या नजरेखालून गेल्याशिवाय बाहेर पडत नाही. सुनेने नावं ठेवली म्हणून रडणाऱ्या सासवा मी पुष्कळ पाहिल्या. तेच सांगताना मान ताठ करून बसणारी मीच असेन.

आता एक राहिलेलं काम. ते तुझ्यासाठी लिहिते आहे, बाकीच्यांनी पान उलटलं तरी चालेल.

त्या नव्या नोकरीसाठी तुमचं परगावी जायचं ठरलं त्याच सुमाराला आपण दोघी भाजी घेऊन आलो, आणि तू दारात थांबलीस. मी पिशवी धरून मागे.

‘बाई, ही पाटी.’

‘काय झालं तिला?’

‘या पत्त्यावर ते राहत नाहीत.’

पाटीवर यांचं नाव आहे, तुझ्या सासऱ्यांचं. तू आलीस त्याच्या किती तरी आधी ते गेले. दुसरं कुणी असं बोललं असतं, तर मी पिशवीतला दुधी हातात घेतला असता.

‘मुदत संपली आहे,’ तू म्हणालीस, पण हळू.

‘माणसाची की पाटीची?’

‘पाटीची. माणसाचं मी कसं सांगणार.’

आपण आत गेलो, भाजी निवडली, आणि तासाभराने मीच म्हटलं, ‘बरं, मग काय लिहायचं?’ तू म्हणालीस, घरात जी राहते तिचं नाव. पूर्ण, आडनावासकट, आणि खाली बी.एस्सी. ‘शिकलात ना? मग लिहायचं.’ यांचं नाव कुठे टाकायचं, ते विचारलं मी. ‘टाकायचं कशाला? ती पाटी आत लावायची, फोटोखाली. तिथे ती खरी आहे.’

मला हे पटलं. तुझं मला क्वचितच लगेच पटतं. मोजपट्टी सापडेना, म्हणून पाटीची लांबी-रुंदी आपण विणायच्या लोकरीने घेतली आणि टोकांना गाठी मारल्या. कोपऱ्यावरचा पाटीवाला त्या दिवशी बंद होता. मग तुमची खोकी भरायची आली, माझा गुडघा आला, आणि तुम्ही गेलात.

परवा कुरिअरवाल्याने दारात पाटी वाचून विचारलं, ‘साहेब आहेत?’ मी म्हटलं, ‘नाहीत,’ आणि त्याच्या यंत्रावर माझी सही केली. त्याने ती बघितलीसुद्धा नाही.

लोकर खणात आहे, ‘बिस्किटं नाहीत, दोरे’ लिहिलेल्या डब्यात. एकटी जाऊन मी नवी पाटी करायला टाकू शकते, गुडघा आता बरा आहे. पण शनिवारी दोघी जाऊ, असं तू म्हणाली होतीस. कुठल्या शनिवारी, ते तेवढं म्हणाली नव्हतीस.